नियमाचा दुसरा परिच्छेद

२००६ सालच्या मार्च महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी बाराच्या सुमारास, डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाता प्रांताच्या विमानतळावर माझ्या नवऱ्याला मायामीच्या विमानात चढू दिले नाही. मला चढू दिले. आमची अडीच वर्षांची मुलगी त्या वेळी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये माझ्या सासूबाईंजवळ होती. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हते आणि नऊ दिवसांनी त्यांचे पुण्याचे परतीचे तिकीट होते.

सहल ठरली जानेवारीत. लग्नाला पाच वर्षे होणार होती. नवरा मूळचा गुहागरकडचा. कॅलिफोर्नियाचा समुद्र त्याला कधी समुद्र वाटला नाही; पाय घातला की कळ मारते असे पाणी, असे तो म्हणे. कुठल्याशा प्रवासी मासिकात त्याने पुएर्तो प्लाताचे छायाचित्र पाहिले. समुद्र, लगेच गाव, आणि गावाच्या पाठीशी सरळ उठलेला हिरवा डोंगर. ते पान त्याने फ्रिजवर लावले.

अडचण व्हिसाची होती. अमेरिकेत राहण्याची परवानगी आणि अमेरिकेत शिरण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राहण्याची परवानगी कंपनी कागदोपत्री वाढवून घेते. शिरण्याची परवानगी म्हणजे पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा. तो देशाबाहेरच्या वकिलातीतच नवा मिळतो. नवऱ्याच्या राहण्याची मुदत २००७ पर्यंत होती. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा २००४ मध्येच संपला होता. मी २००५ मध्ये बहिणीच्या लग्नाला एकटी पुण्याला गेले तेव्हा मुंबईत माझा व्हिसा नवा करून घेतला. त्याला प्रोजेक्टमुळे येता आले नव्हते.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये नवऱ्याच्या टीममधला मित्र राहत असे. नागपूरचा, टेक्सासमध्ये शिकलेला, नंतर नोकरीला लागलेला. एका शनिवारी तो जेवायला आला असताना विषय निघाला.

“काहून घाबरता वहिनी?” तो म्हणाला. “मी स्वतः गेलो होतो ना बहामाजला. व्हिसा एक्स्पायर झालेला. तीस दिवसांच्या आत परत यायचं आणि पासपोर्टमधलं पांढरं कार्ड एअरलाइनला काढू द्यायचं नाही. बस्स.”

“नक्की ना यार?” नवऱ्याने विचारले.

“अरे भाऊ, रूल आहे. प्रिंटआउट आणून देतो. तुम्ही लोक अमेरिकेत येऊन काय बघता? इंडियन स्टोअर आणि देऊळ, देऊळ आणि इंडियन स्टोअर. जा बाप्पा कुठंतरी!”

सोमवारी त्याने प्रिंटआउट आणून दिला. दोन पाने, स्टेपल केलेली. पहिल्या पानावरचा एक परिच्छेद पिवळ्या मार्करने रंगवला होता. व्हिसा संपलेला असला तरी विमानतळावर मिळालेले, राहण्याची मुदत लिहिलेले पांढरे कार्ड जवळ असेल तर छोट्या सहलीहून परत येता येते, असा त्याचा आशय होता. मी पिवळा भाग वाचला. पुण्याच्या एका दैनिकात मी सहा वर्षे डेस्कवर काम केले होते. सरकारी परिपत्रक शेवटच्या पानाकडून वाचायचे, हे तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्या सोमवारी मी पान उलटले नाही. प्रिंटआउट फोल्डरमध्ये गेला.

त्या काळी सनीव्हेलमधल्या आमच्यासारख्या प्रत्येक घरात असा एक प्लास्टिकचा फोल्डर असे. पासपोर्ट, मुदतवाढीचे कागद, पगाराच्या स्लिपा, लग्नाचा दाखला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर, पदव्या, मुलांचे जन्मदाखले. लोक दोन दिवस कुठे फिरायला गेले तरी तो बरोबर नेत.

मुलगी आमच्याबरोबर येणार होती. निघण्याच्या आदल्या आठवड्यात तिचा कान दुखू लागला. डॉक्टरने सांगितले, दोन आठवडे विमान नाही. आम्ही सहल रद्द करायला निघालो होतो.

“जा गं तुम्ही,” सासूबाई म्हणाल्या. “पाच दिवसांचा काय तो प्रश्न. माझी दोन मी एकटीने वाढवली. ही तर एकच आहे.”

फ्रिजवर पुएर्तो प्लाताच्या पानाशेजारी मी एक कागद लावला. त्यावर मित्राचा नंबर, डॉक्टरचा नंबर, तातडीच्या मदतीचा ९११ आणि घराचा पत्ता सांगायचे एक इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहिले. सासूबाईंनी ते वाक्य आठ-दहा वेळा म्हणून दाखवले. बुधवारी आम्ही निघालो. सॅन फ्रान्सिस्कोच्या काउंटरवरचा माणूस सवयीने नवऱ्याच्या पासपोर्टमधले पांढरे कार्ड काढू लागला. नवऱ्याने त्याचा हात धरला नाही इतकेच. “तीस दिवसांच्या आत परत येतोय,” तो दोनदा म्हणाला. त्या माणसाने खांदे उडवले आणि कार्ड तसेच ठेवले.

पुएर्तो प्लाता छायाचित्रासारखेच होते. लाकडी नक्षीच्या जुन्या घरांचे रस्ते, त्यांच्या टोकाशी अटलांटिक, मागे डोंगर. डोंगराच्या माथ्यावर बहुतेक वेळ ढग असे. त्या ढगाच्या चंदेरी रंगामुळे कोलंबसने या जागेला चांदीचे बंदर म्हटले, असे हॉटेलमधला माणूस सांगे. दिवसातून दोन-तीनदा वीज जाई आणि गल्लोगल्ली जनरेटर सुरू होत. “महाराष्ट्रातच आलो,” नवरा म्हणाला. पहिले दोन दिवस तो सकाळी समुद्रात शिरे तो जेवायलाच बाहेर येई. कच्च्या केळ्याचे तळलेले काप, भात आणि राजम्यासारखी उसळ असे जेवण होते. आम्ही ते हाताने खाल्ले.

शुक्रवारी दुपारी आम्ही किल्ल्यात गेलो. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांविरुद्ध बांधलेला तो लहानसा किल्ला आहे. पुढे कितीतरी वर्षे त्याचा तुरुंग झाला. कोठड्यांचे दरवाजे इतके बुटके आहेत की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. नवरा आत गेला. मी तटाच्या सावलीत बसले आणि परतीच्या गाडीची पावती पाहायला फोल्डर उघडला. वाऱ्याने प्रिंटआउट उलटला. दुसरे पान वर आले.

दुसऱ्या पानावर दुसरा परिच्छेद होता. त्यात म्हटले होते की ही सवलत शेजारच्या देशांच्या, म्हणजे कॅनडा आणि मेक्सिकोच्या, सहलीसाठी आहे. लगतच्या बेटांसाठीही आहे. मात्र बेटांसाठीची सवलत फक्त विद्यार्थी आणि अभ्यागत संशोधक यांना.

मी तो तीनदा वाचला. मग फोल्डर बंद करून पावती कुठे होती ते आठवू लागले. पावती हातातच होती.

नवरा बाहेर आला. मी कागद पुढे केला. त्याने उभ्या उभ्या वाचला.

“पण तो गेला होता ना,” तो म्हणाला.

“तेव्हा तो शिकत होता.”

तटावर पर्यटकांची एक रांग उभी होती आणि त्यांचा वाटाड्या त्यांना तोफेशेजारी उभे करून फोटो काढत होता. त्याने नवऱ्यालाही हसायची खूण केली.

गावातल्या टेलिफोन केंद्रातून मी आधी घरी फोन लावला. आमच्याकडे दुपारचे सव्वादोन झाले होते. सनीव्हेलमध्ये सकाळचे सव्वादहा. फोन वाजत राहिला. सासूबाई त्या वेळी घरातच असतात. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बूथच्या काचेवर कुणीतरी नखाने एक नाव कोरले होते. मला आता ते नाव आठवत नाही, पण त्या वेळी त्यातली अक्षरे मी मोजली होती. पाच होती.

मग मित्राला ऑफिसात फोन लावला.

“आई फोन उचलत नाहीयेत,” मी म्हणाले. “जरा घरी जाऊन बघता का?”

“जातो वहिनी, दहा मिनिटांत. तिकडं सगळं ठीक?”

नवऱ्याने रिसीव्हर घेतला आणि दुसरा परिच्छेद वाचून दाखवला.

“बाप्पा,” मित्र म्हणाला. “मी तेव्हा स्टुडंट व्हिसावर होतो यार.”

“हो.”

“मी सेकंड पेज बघितलंच नाही.”

“आम्हीपण नाही.”

आम्ही टेलिफोन केंद्राच्या पायरीवर बसलो. चाळीस मिनिटांनी पुन्हा मित्राला फोन लावला. सासूबाई आणि मुलगी कॉम्प्लेक्सच्या झोपाळ्यावर होत्या. घरातल्या फोनची बॅटरी उतरली नव्हती, काही नव्हते. त्या फक्त बाहेर गेल्या होत्या. मित्राने त्याच्या मोबाइलवरून मुलीला फोन दिला.

“आई, where are you?” ती म्हणाली.

“समुद्रावर आहे सोन्या.”

“Come home now.”

मी रविवारी येते म्हणाले. त्या वेळी ती माहिती मला पक्की वाटत नव्हती. सासूबाईंना आम्ही काही सांगितले नाही.

शनिवार-रविवार वकिलात बंद असते. वकिलात सांतो दोमिंगोला, गाडीने चार तासांवर. परतीचे विमान रविवारचे होते. करण्यासारखे काही नव्हते म्हणून आम्ही शनिवारी, आधी ठरल्याप्रमाणे, केबल कारने डोंगरावर निघालो. कारमध्ये आम्ही दोघे आणि एक वृद्ध जोडपे होते. अर्ध्या वाटेवर वीज गेली. कार एकदा पुढे-मागे झोकांडली आणि थांबली. खाली झाडांचे शेंडे होते, त्यापलीकडे गाव आणि पांढरी किनार असलेला समुद्र. वर ढग. म्हातारीने गळ्यातला क्रॉस मुठीत धरला. मी मधला खांब धरला. कार वाऱ्याने हलली की वरच्या चाकातून कुरकुर ऐकू येई.

नवऱ्याने बोलायला तीच वेळ निवडली.

“उद्या मला अडवलं तर तू जायचं,” तो म्हणाला.

“आणि तू?”

“मी सांतो दोमिंगोला जाईन. तिथे व्हिसा मागेन.”

“त्यांनी नाही दिला तर?”

“तिकडे तिच्याजवळ आपल्यापैकी एक जण पाहिजे. बाकीचं नंतर.”

“कदाचित अडवणार नाहीत,” मी म्हणाले. “काउंटरवरच्या बाईला नियम माहीत नसेल.”

“आपल्याला माहीत नव्हता तसा?” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. म्हाताऱ्याला वाटले आम्ही धीराचे लोक आहोत. त्याने खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढून सगळ्यांना वाटल्या. बारा मिनिटांनी वीज आली. माथ्यावर ढगामुळे काही दिसले नाही. आम्ही पुढच्याच कारने खाली आलो.

रविवारी काउंटरवर तरुण मुलगी होती. तिने माझा पासपोर्ट पाहून बाजूला ठेवला. नवऱ्याचा पासपोर्ट पानापानाने उलटला, शेवटपर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून आली.

“व्हिसा?”

नवऱ्याने मुदतवाढीचा कागद, पांढरे कार्ड आणि प्रिंटआउटचे पहिले पान पुढे ठेवले. दुसरे पान त्याने घडी घालून मागे दुमडले होते. मी ते पाहिले आणि तसेच राहू दिले. मुलीने सुपरवायझरला बोलावले. सुपरवायझर चाळिशीच्या, चष्मा लावणाऱ्या बाई होत्या. त्यांनी प्रिंटआउट हातात घेतला, घडी उलगडली आणि दुसरा परिच्छेद वाचला. मग मायामीला फोन केला. स्पॅनिशमध्ये बोलल्या, मान हलवली, फोन ठेवला.

“मेक्सिको असता तर चाललं असतं,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “हे बेट आहे. सॉरी.” मग माझ्याकडे वळून, “सिन्योरा, तुम्ही जाऊ शकता. वीस मिनिटं आहेत.”

आम्ही काउंटरपासून दूर जाऊन जमिनीवर बॅगा उघडल्या. फोल्डरमधले कागद वाटून घेतले. त्याच्या पदव्या, पगाराच्या स्लिपा, मुदतवाढीचा मूळ कागद त्याच्याकडे. लग्नाचा दाखला, मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत आणि मुदतवाढीची झेरॉक्स माझ्याकडे. त्याचा टूथब्रश माझ्या बॅगेत राहिला, ते विमानात कळले. तो सुरक्षा तपासणीच्या दोरीपर्यंत आला.

“मायामीत विचारतील नवरा कुठे आहे,” मी म्हणाले. “काय सांगू?”

“खरं सांग.”

“खरं सांगितलं तर परत पाठवतील.”

“खोटं सांगितलंस तर नक्की पाठवतील,” तो म्हणाला. “जा गं. उशीर होईल.”

माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या पत्नीचा होता. त्याला स्वतःची अशी किंमत नव्हती. विमानात मी इंग्रजीत दोन वाक्ये तयार केली आणि मायामी येईपर्यंत ती मनात म्हणत राहिले. सासूबाईंना फ्रिजवरच्या कागदावरचे वाक्य मी असेच म्हणायला लावले होते.

मायामीच्या रांगेत पंचेचाळीस मिनिटे गेली. खिडकीतल्या अधिकाऱ्याने व्हिसा पाहिला.

“पती कुठे आहेत?”

“पुएर्तो प्लातामध्ये.”

“नंतर येणार आहेत?”

“त्यांचा व्हिसा संपला आहे. तिथल्या वकिलातीत नवा मागणार आहेत.”

त्याने पासपोर्ट एका लाल पाकिटात घातला आणि डावीकडचे दार दाखवले.

आत खुर्च्यांच्या चार रांगा होत्या. मोबाइल वापरण्यास मनाई असल्याची पाटी होती. पुढे उंच टेबलामागे तीन अधिकारी. माझ्या शेजारी एक बाई मांडीवरच्या बाळाला बाटलीने दूध पाजत होती. तिचे नाव पुकारले गेले, ती आतल्या दुसऱ्या दाराने गेली आणि मी असेपर्यंत बाहेर आली नाही. दूध अर्धे राहिलेली बाटली खुर्चीवर होती. भिंतीवरच्या घड्याळात माझ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानाची वेळ आली आणि गेली. मला सासूबाईंचा परतीच्या तिकिटाचा दिवस आठवत होता. एकवीस मार्च. त्या दिवशी त्यांना विमानतळावर कोण सोडेल, आणि त्या गेल्यावर मुलीला कोण दार उघडेल, असे प्रश्न मी क्रमाने लावत होते. हात मांडीखाली घेऊन बसले.

एक तास चाळीस मिनिटांनी माझे नाव पुकारले. अधिकारी प्रौढ स्त्री होती. आवाज चढलेला नव्हता.

“तुम्ही डिपेंडंट आहात,” ती म्हणाली. “ज्यांच्यावर डिपेंडंट आहात ते या देशात नाहीत. मग मी तुम्हाला कशाच्या आधारावर आत घेऊ?”

मी तयार केलेली वाक्ये बोलले. नवऱ्याची नोकरी चालू आहे. मुदतवाढ मंजूर आहे. ती झेरॉक्स तिने वाचली. पाठची बाजूही पाहिली.

“त्यांना व्हिसा मिळाला नाही तर?”

“मी मुलीला घेऊन परत जाईन.”

“मुलगी कुठे आहे?”

मी जन्मदाखला पुढे केला. कॅलिफोर्नियाचा होता.

“कोणाजवळ आहे?”

“माझ्या सासूबाईंजवळ. त्या पाहुण्या आहेत. एकवीस तारखेला जाणार आहेत.”

तिने दाखल्यावरची तारीख बोटाने धरून मुलीचे वय मोजले. मग आत जाऊन कुणाशी तरी बोलून आली. पांढऱ्या कार्डावर शिक्का मारला. शिक्क्याखाली मुदतीची तारीख पेनने लिहिली: ११ मे २००६.

“साठ दिवस,” ती म्हणाली. “तोपर्यंत ते आत आले तर पुढचं बघता येईल. नाही आले तर तुम्ही बाहेर. समजलं?”

मी समजले म्हणाले.

टेलिफोनपाशी जाऊन सासूबाईंना फोन केला.

“आई, मी एकटीच येतेय. उद्या सकाळी.”

“एकटी का? तो कुठंय?”

“त्याच्या व्हिसाचा घोळ झालाय. तिकडेच थांबलाय.”

“मारलं-बिरलं नाही ना कुणी?”

“नाही आई. कागदाचा घोळ आहे.”

सासूबाई म्हणाल्या, “आपण वाचून नव्हतं का घेतलं काही?”

सोमवारी अकरा वाजता मी घरी पोचले. मुलगी दारात आली, माझ्या पाठीमागे पाहिले आणि विचारले, “बाबा?” सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. प्रिंटआउट मागितला, मी तो नवऱ्याकडे राहिल्याचे सांगितले. “पेपरात होतीस ना गं तू?” त्या म्हणाल्या. एवढेच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. दुपारी मित्राला सांगून त्यांनी तिकीट पुढे ढकलून घेतले. पण त्यांच्याही पासपोर्टमध्ये पांढरे कार्ड होते. त्यावर पंचवीस एप्रिल लिहिले होते.

मित्र त्या संध्याकाळी आला आणि उंबऱ्याजवळच उभा राहिला.

“वहिनी, शिव्या द्या,” तो म्हणाला.

“बसा आधी,” सासूबाई म्हणाल्या. “शिव्या चहानंतर.”

एकवीस मार्चला नवऱ्याची सांतो दोमिंगोच्या वकिलातीत मुलाखत झाली. त्याचे काम दूरसंचाराच्या चिपांशी, म्हणजे अमेरिकेच्या लेखी संवेदनशील तंत्रज्ञानाशी, संबंधित होते. अधिकाऱ्याने पासपोर्ट ठेवून घेतला आणि अतिरिक्त तपासणी होईल, असा कागद दिला. किती दिवस, हे कागदावर नव्हते. तो वकिलातीजवळ एका विधवा बाईच्या घरी खोली घेऊन राहिला आणि वीज असेल तेव्हा इंटरनेट कॅफेतून काम करू लागला. आठवड्यातून तीनदा फोन करे. मुलगी पहिल्या आठवड्यात फोनवर खूप बोले. चौथ्या आठवड्यात ती फोन कानाला लावून गप्प राही आणि माझ्याकडे परत देई.

“काही बोलली का?” तो विचारी.

“मान हलवली,” मी सांगे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या मॅनेजरचे ईमेल आले. पंधरा मेपर्यंत जागा ठेवू. त्यानंतर कंपनी मुदतवाढ मागे घेईल. नोकरी गेली तर व्हिसाचा अर्जही आपोआप निकाली निघणार होता, आणि माझी अकरा मे मोजण्याचे कारणही उरणार नव्हते.

तेवीस एप्रिलला सासूबाई पुण्याला परत गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोला मित्राने गाडीने सोडले. जाताना त्यांनी फ्रिजवरचा ९११ चा कागद काढून पर्समध्ये ठेवला. पुएर्तो प्लाताचे पान तसेच होते. त्या दिवसापासून घरात मी आणि मुलगी. मी स्वतः आजारी पडले तर काय, याचा विचार मला आधी सुचला नव्हता. आता तो सकाळी उठल्याबरोबर येई. मुलीला मी ९, १, १ ही तीन बटणे दाखवली. तिने ती लगेच दाबली. मी फोन काढून घेतला, मग पलीकडून उलट फोन आला, आणि चूक झाली असे मला सांगावे लागले. तरी दारावर पोलिसांची थाप पडेल म्हणून मी खिडकीतून पाहत होते. थाप पडली नाही.

मेच्या पहिल्या तारखेला मी दोन बॅगा काढल्या. एक माझी, एक मुलीची. तिचा पासपोर्ट अमेरिकेचा, निळा. घरातल्या माणसांपैकी फक्त तिच्या कागदांवर जाण्याची तारीख नव्हती. अपार्टमेंटच्या ऑफिसला द्यायची नोटीस मी टाइप करून ठेवली. गाडी मित्र घेणार होता. मुंबईची दहा मेची दोन तिकिटे राखून ठेवली. मुलगी बॅगेत बसली आणि “समुद्र?” म्हणाली.

चार मेला, गुरुवारी, वकिलातीतून नवऱ्याच्या घरमालकिणीकडे फोन आला. तिने निरोप लिहून घेतला, पण तो घरी नव्हता; कॅफेत होता, आणि वीज गेल्यामुळे कॅफेचा फोन बंद होता. ती चालत कॅफेपर्यंत गेली. शुक्रवारी त्याला पासपोर्ट मिळाला. व्हिसा २००७ पर्यंतचा होता. त्याने मला फोनवर प्रत्येक ओळ वाचून दाखवली. नाव, जन्मतारीख, क्रमांक, मुदत. मी म्हणाले, पाठचं पान बघ. ते कोरे होते.

तो सोमवारी, आठ मेला, मायामीमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. मायामीत त्याला आतल्या खोलीत नेले नाही. त्याचे वजन कमी झाले होते आणि रंग रापला होता. मुलीने त्याला ओळखले, पण जवळ गेली नाही. घरी पोचेपर्यंत गाडीत ती त्याच्याकडे पाहत राहिली. घरात शिरल्यावर तिने त्याचा हात धरून त्याला फ्रिजपाशी नेले आणि फोटोतल्या डोंगरावर बोट ठेवले.

“You were here,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला माझ्या मुदतवाढीचा अर्ज, त्याच्या नव्या व्हिसाच्या प्रतीसह, सनीव्हेलच्या टपाल कार्यालयात दिला. माझ्या कार्डावरचे दोन दिवस शिल्लक होते. मंजुरीचा कागद ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आला.